हर्क्युलिस : बर्मिंगहॅमपासून गोदातीरापर्यंत

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, तह आणि तलवारी उभ्या राहतात. गोदेच्या काठी बसून ज्यांनी पेशवाईवर, संतवाङ्मयावर आणि राज्यघटनेवर व्याख्याने ऐकली, त्यांना आज आम्ही एका सायकलीची कुळकथा सांगणार आहोत. हे काहींना थट्टेचे वाटेल. परंतु एखादी वस्तू राजाच्या फर्मानावाचून आणि पुढाऱ्याच्या भाषणावाचून लाखो माणसांचा रोजचा दिवस पालटून टाकीत असेल, तर तिलाही इतिहास असतोच. तो लिहिण्याचा कंटाळा मात्र आपण केलेला असतो. आमची आजची नायिका म्हणजे ‘हर्क्युलिस’ ही विलायती सायकल. तिचे नाव ग्रीक, जन्म इंग्रजी आणि उत्तरायुष्य हिंदी. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यातून आपण काय शिकलो, एवढाच आमचा विषय आहे.

सायकल आज जशी दिसते तशी ती प्रथम १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याच्या कारखान्यात दिसली. त्यापूर्वीची सायकल म्हणजे पुढे पुरुषभर उंचीचे चाक आणि मागे एवढेसे चाक. तीवर चढणे हा धाडसी तरुणांचा खेळ होता. स्टार्लीने दोन्ही चाके जवळजवळ सारख्या उंचीची केली आणि पायाची शक्ती साखळीने मागल्या चाकाला दिली. पुढे १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवेने भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. साखळीने वेग दिला आणि हवेने हाडे वाचविली. वाहन माणसांत आले ते या दोन गोष्टींमुळे. आपल्याकडे तिला कोणी ‘पायगाडी’ असे सुरेख मराठी नाव दिले होते. ते टिकले असते तर बरे झाले असते, पण लोकांच्या तोंडी सायकलच बसली.

त्याच १८८८ सालाशी मराठी माणसाची एक आठवण जडलेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले ते याच साली. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. तेथून ते सायकली पाठवीत आणि बेळगावी त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकीत. सायकल विकता विकता ती दुरुस्त करावी लागते, आणि दुरुस्त करता करता ती कशी बनली हे कळू लागते. तेथून पुढे लोखंडी नांगर, औंध संस्थानातील माळावर १९१० साली उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, पंप आणि इंजिने हा सारा पसारा आपणांस ठाऊक आहे. विकणे, दुरुस्त करणे, भाग बनविणे आणि शेवटी सबंध यंत्र घडविणे, या उद्योगाच्या चार पायऱ्या आहेत. श्रोत्यांनी त्या ध्यानात ठेवाव्यात; कारण आमची पुढची कथा याच पायऱ्यांवरून चालते.

किर्लोस्करवाडीचा पाया पडला त्याच १९१० साली, सप्टेंबर महिन्यात, बर्मिंगहॅम शहरात एडमंड आणि हॅरी क्रेन या दोघा भावांनी हर्क्युलिस कंपनी काढली. बर्मिंगहॅम हे धातुकामाचे माहेरघर. खिळ्यापासून बंदुकीपर्यंत काय हवे ते तेथे बनत असे. बंदुका बनविणाऱ्या मंडळींनी १८६१ साली स्थापलेली बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनी पुढे सायकलींत शिरली आणि तिच्या आद्याक्षरांनीच ‘बी.एस.ए.’ म्हणून आपल्याकडे घरोघर ओळखली गेली. तिच्या बिल्ल्यावरील तीन बंदुका जुन्या माणसांना आठवत असतील. क्रेन बंधूंपाशी मात्र असा वारसा नव्हता. एका पडक्या घरात, इतरांकडून विकत आणलेले भाग जुळवून, ते आठवड्याला अवघ्या पंचवीस सायकली तयार करीत. बारा अचाट कामे करणाऱ्या ग्रीक वीराचे नाव त्यांनी मालाला दिले. आपल्याकडचा कारखानदार असता तर त्याने ‘भीम’ म्हटले असते. मजबुती हाच त्या नावाचा सारा अर्थ.

या भावांचे वैशिष्ट्य शोधात नव्हते. त्यांनी नवे यंत्र काढले नाही की नवा सांगाडा बसविला नाही. त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला : चांगली सायकल किती स्वस्त करता येईल? त्यासाठी नमुने थोडे ठेवावे, भाग सारखे ठेवावे, जुळणीचे काम बारीक टप्प्यांत वाटून द्यावे आणि नफा नगामागे थोडा पण नगांवर मोठा घ्यावा. पहिल्या महायुद्धानंतर ही रीत फळाला आली. ॲस्टन भागातील मोठा कारखाना त्यांनी घेतला, आणि ते दशक संपण्यापूर्वी वर्षाचे उत्पादन लाखांच्या घरात गेले. १९३० च्या सुमारास, जगभर मंदी असताना, त्यांची साधी सायकल इंग्लंडात चार पौंडांच्या आत मिळू लागली. त्या वेळच्या अठरा पेन्सांच्या दराने हे सुमारे त्रेपन्न रुपये होतात. १९३९ पर्यंत या कारखान्यातून साठ लाखांहून अधिक सायकली बाहेर पडल्या होत्या, आणि जगातील सर्वांत मोठ्या सायकल-कारखान्यांत त्याची गणना होत होती. एडमंड क्रेनला ‘सर’ ही पदवी मिळाली. पंचवीस सायकलींच्या पडक्या घरापासून येथवर यायला एक पिढीही लागली नाही.

आता मालाकडे पाहू. आपल्याकडे आली ती मुख्यतः ‘रोडस्टर’ जातीची सायकल. बावीस किंवा चोवीस इंची सांगाडा, अठ्ठावीस इंची चाके, ब्रेकला तारेऐवजी सळया, साखळीवर झाकण, मागे करिअर, काळ्याभोर रंगावर सोनेरी रेघा. ती जड असे आणि हळू चाले, पण मागे धान्याचे पोते आणि पुढच्या दांडीवर मूल घेऊन खाचखळग्यांतून निमूट जाई. बायकांसाठी वरची दांडी नसलेला नमुना होता. साडी किंवा झगा अडकू नये म्हणून मागल्या चाकाला जाळी असे. हौशी तरुणांसाठी सव्वीस इंची चाकांची हलकी ‘स्पोर्ट्स’ जात होती, तिला मागच्या चाकाच्या तुंब्यातच तीन वेग बसविलेले मिळत. स्पर्धेच्या सायकली वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या. १९५० नंतर कंपनीने ‘हर-क्यू-मोटर’ नावाची लहानशी इंजिनाची सायकलही काढून पाहिली; तिने फारसे नाव कमावले नाही. ही यादी पाहिली की एक गोष्ट दिसते : इंग्लंडात हलकी सायकल हवी होती, कारण तेथे रस्ते गुळगुळीत झाले होते, आपल्याला जड सायकल हवी होती, कारण ती आपल्याकडे बैलगाडीचे, डोकीवरच्या ओझ्याचे आणि टपालाच्या घोड्याचे असे तिघांचे काम करणार होती.

नाशिकचेच पाहा. नाशिकरोड स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर. हे अंतर तोडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. १९३० नंतर काही वर्षांतच ती बंद पडली. इकडे १९२५ पासून नाशिकरोडला सरकारी छापखाना उभा राहिला होता, देवळालीला छावणी होती, भगूर, मखमलाबाद, गंगापूर अशी गावे भोवती पसरली होती. टांगा रोज परवडत नाही आणि पायी चालले तर दिवसाचे दोन तास रस्त्यातच जातात, अशा माणसाला सायकल हे केवळ वाहन नव्हते, तो त्याच्या वेळेचा जामीन होता. पाळीला पोचायचे, शिकवणी घ्यायची, दूध घालायचे, टपाल वाटायचे. ही कामे करणाऱ्याचे गाव सायकलीने एकदम तीन-चार कोसांनी मोठे केले. पंचवटीत राहून नाशिकरोडला नोकरी करता येते, हा शोध कोणा पंडिताचा नव्हे.

तिचा मानही मोठा होता. ‘मेड इन इंग्लंड’ हे शब्द सांगाड्यावर असले की सायकल दारात ठेवण्याची नव्हे, घरात घेण्याची वस्तू होई. नगरपालिका तिच्यावर कर घेई आणि पितळेचा बिल्ला देई. रात्री दिव्याशिवाय जाणे आणि ‘डबलसीट’ बसणे हे दोन गुन्हे शहरातील निम्म्या सज्जनांच्या नावावर असत. लग्नाच्या याद्यांत घड्याळाच्या शेजारी सायकल येऊन बसली; जावयाने ‘रॅले’ मागावी आणि सासऱ्याने ‘हर्क्युलिस’वर भागवावे. ज्याला विकत घेणे जमत नसे त्याच्यासाठी तासाच्या भाड्याचे दुकान होते. आपल्यांतील कित्येकांचे गुडघे त्याच भाड्याच्या सायकलींनी फोडलेले आहेत.

पण हा सारा मान घेणाऱ्याचा मान होता, घडविणाऱ्याचा नव्हे. आपण सायकल वापरीत होतो, तिची दुरुस्ती करीत होतो. किर्लोस्करांच्या पायऱ्यांपैकी पहिल्या दोन. १९३९ साली मुंबईत वरळीला ‘हिंद सायकल’ कारखाना निघाला आणि महाराष्ट्राच्या भूमीवर सबंध सायकल करण्याचा उद्योग सुरू झाला. मार्ग सोपा नव्हता. सायकल दिसते साधी, पण तिच्या अंगात कठीण विद्या आहेत. तिचा सांगाडा पोकळ नळ्यांचा असतो, कारण तेवढ्याच वजनाच्या भरीव सळईपेक्षा नळी कितीतरी कमी वाकते. पण पातळ, सरळ आणि एकसारख्या जाडीची पोलादी नळी काढणे हे साध्या भट्टीचे काम नव्हे. चाकातील तारा भार पेलतात त्या ताणाच्या जोरावर. एक ढिली पडली की सारे चाक डुलू लागते. आसातील छर्रे केसभर कमीजास्त असले तर महिन्याभरात कोन खाऊन टाकतात. साखळीत शंभरावर कड्या असतात आणि प्रत्येक कडी दुसरीसारखीच हवी. ज्या देशाला नळी, छर्रा आणि साखळी बाहेरून आणावी लागते, त्याने सायकलीवर कोणतेही नाव रंगविले तरी तो देश जुळारीच राहतो.

क्रेन बंधूंच्या कंपनीचे पुढे काय झाले, हे याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९४६ साली ‘ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स’ या उद्योगसमूहाने हर्क्युलिस विकत घेतली. हा समूह १९१९ साली नळ्या करणाऱ्या कारखानदारांनी एकत्र येऊन उभारलेला. नळी करणाऱ्याने नळीचे गिऱ्हाईकच विकत घेतले, असा तो व्यवहार. पुढच्याच वर्षी हिंदुस्थान स्वतंत्र झाला. आयातीवर बंधने आणि देशी धंद्याला संरक्षण हे आता येथले सरकार ठरविणार होते. विलायती कंपन्यांपुढे दोन वाटा उरल्या : बाजार सोडावा, नाहीतर येथे येऊन कारखाना घालावा. रॅलेने बंगालमध्ये सेन मंडळींशी भागीदारी करून आसनसोलला ‘सेन-रॅले’ उभी केली. ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने मद्रासच्या मुरुगप्पा घराण्याशी हात मिळविला; १९४९ साली ‘टी. आय. सायकल्स ऑफ इंडिया’ स्थापन झाली आणि १९५१ पासून अंबत्तूरच्या कारखान्यातून हर्क्युलिस बाहेर पडू लागली.

येथे आमच्या मते खरी कलाटणी आहे. अंबत्तूरला केवळ पेट्या उघडून जुळणी करीत राहिले असते, तर ही कथा सांगण्याजोगी झाली नसती. परंतु एकामागून एक भाग येथे होऊ लागले. १९५५ साली नळ्यांचा कारखाना निघाला. खोगिरांचा निघाला, दिवे आणि डायनॅमोचा निघाला, १९६० साली साखळ्यांचा निघाला. याच काळात सोनीपतला ‘ॲटलस’, लुधियान्याला ‘एव्हन’ आणि १९५६ साली ‘हीरो’ उभ्या राहिल्या. फाळणीच्या आगीतून आलेल्या कित्येकांनी लुधियान्याच्या गल्ल्यांत सायकलीचा एकेक सुटा भाग करणारी शेकडो दुकाने मांडली. पंचवार्षिक योजनांच्या आरंभी, १९५०-५१ मध्ये, देशातील मोठ्या कारखान्यांत वर्षाला सुमारे एक लाख सायकली होत. पाच वर्षांनी तो आकडा पाच लाखांवर आणि दहा वर्षांनी दहा लाखांवर गेला. धरणे आणि पोलादाचे कारखाने यांची चित्रे आपण भिंतींवर लावली. सायकलीच्या या दसपटीचे चित्र कोणी लावले नाही, कारण ते रोज रस्त्यावरच दिसत होते.

इंग्लंडात मात्र याच दशकात हर्क्युलिसची ज्योत विझण्यापूर्वी मोठी झाली. कंपनीने आयलीन शेरिडन या पाच फुटांहूनही कमी उंचीच्या स्त्रीला आपल्या नावाने सायकलीवर बसविले. १९५४ साली तिने ब्रिटनच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंतचे सुमारे ८७० मैलांचे अंतर दोन दिवस अकरा तास सात मिनिटांत तोडले, आणि तशीच पुढे जाऊन हजार मैल पुरे केले. १९५५ साली फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतीत ब्रिटनचा पहिला संघ उतरला, त्यात हर्क्युलिसचेच गडी अधिक होते. दहांपैकी दोघे शेवटपर्यंत पोचले. पण इंग्रज कामगार आता मोटारसायकल आणि मोटार घेऊ लागला होता. मागणी ओसरली, कंपन्या एकमेकींत मिसळल्या, आणि १९६० साली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स व रॅले यांचा सायकल-व्यवसाय एक झाल्यावर हर्क्युलिस हे नाव नॉटिंगहॅममध्ये होणाऱ्या सायकलींवर चिकटविण्याचा एक बिल्ला उरले. काही वर्षांनी तेही दिसेनासे झाले. त्या रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यातूनही २००२ नंतर सायकल बाहेर पडलेली नाही.

नाव कोणाच्या मालकीचे असते, हा प्रश्न येथे सहज सुचतो. जर्मनीत न्यूर्नबर्ग येथे १८८६ साली निघालेली आणखी एक हर्क्युलिस आहे. तिचा बर्मिंगहॅमशी काही संबंध नाही. ग्रीक वीराचे नाव कोणीही घ्यावे. नावाला जिवंत ठेवतो तो घडविणारा हात. बर्मिंगहॅमला हात थांबला तेव्हा नाव गेले. अंबत्तूरला हात चालत राहिला म्हणून नाव राहिले. तेथे पुढे बी.एस.ए. आणि फिलिप्स हीही जुनी इंग्रजी नावे घडू लागली. हलकी, तरुणांना आवडणारी ‘बी.एस.ए. एस.एल.आर.’, लहान मुलांची ‘चॅम्प’, मुलींची ‘लेडीबर्ड’, जाड धावांची ‘हर्क्युलिस एम.टी.बी.’ आणि नंतरची ‘रोडिओ’ ही नावे आजच्या तरुण पालकांना पाठ असतील. याच कंपनीच्या सायकली पुढे आपल्या नाशिक जिल्ह्यातील कारखान्यातूनही बाहेर पडल्या. ज्या गावाने ही सायकल इंग्लंडहून आलेल्या पेटीत पाहिली, त्याच्याच परिसरात ती घडली, एवढे वर्तुळ एका शतकात पुरे झाले.

या वर्तुळात ज्याचे नाव कोणत्याच बिल्ल्यावर नाही असा एक मनुष्य आहे. तो म्हणजे कोपऱ्यावरचा सायकल-दुरुस्तीवाला. घमेल्यातील पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा पकडणारा, बोटाच्या टोकाने तारांचा ताण ओळखून चाकाचा आऊट काढणारा, इंग्रजी मापांचे पान्हे अक्षरओळख नसताना बिनचूक उचलणारा. कारखाने अंबत्तूरला आणि लुधियान्याला निघाले, पण सायकल तीस-तीस वर्षे चालती ठेवली ती याने. यंत्राची भीती या देशातून घालविण्याचे काम शाळांइतकेच या दुकानांनी केले आहे.

मग आज हे सारे सांगण्याचे कारण काय? कारण ज्या टप्प्यावर बर्मिंगहॅम १९५५ च्या सुमारास होते, तेथे आपण येऊन ठेपलो आहोत. २०१५ साली आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्या पराक्रमाने शहरात सायकलीचे नवे वारे आले, पहाटे त्र्यंबक रस्त्यावर शिरस्त्राणे घातलेले थवे दिसू लागले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण शेरिडनबाईंचे विक्रम ऐन भरात असतानाच इंग्रज कामगाराने सायकल टाकली होती, हे आम्ही आताच पाहिले. हौसेची सायकल वाढते त्याच वेळी गरजेची सायकल मरू शकते. जगाने सायकलीचा दिवस म्हणून ठरविलेल्या ३ जूनलाच, २०२० साली, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना थांबला. त्याच्या आदल्याच महिन्यात, टाळेबंदीत, मुंबई-आग्रा महामार्गाने आपल्या शहराच्या कडेने मजूर उत्तरेकडे चालले होते, आणि त्यांत सायकलींवर बिऱ्हाड बांधून निघालेलेही होते. संकटात रेल्वे थांबली, मोटार थांबली. ही थांबली नाही.

गरजेची सायकल अजून आहे. बिहार सरकारने २००६ साली शाळकरी मुलींना सायकली देण्याचे ठरविले, तेव्हा माध्यमिक शाळांत मुलींची संख्या वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली मिळतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी जिने कारकुनाचे गाव मोठे केले, ती आज सुरगाण्याच्या किंवा पेठच्या मुलीची शाळा जवळ आणू शकते. कारखान्याच्या पाळीला जाणारा मजूर आणि पहारेकरी आजही तिच्यावरच बसतात. फक्त आपण मोटारीत असल्यामुळे ते आपल्याला दिसत नाहीत, आणि दिसले तर कर्णा वाजवून त्यांना कडेच्या खडीत उतरवितो.

आमचे मागणे मोठे नाही. पूर्वी नगरपालिका सायकलीवर कर घेई, कारण ती तिला रस्त्यावरचे वाहन समजत असे. बिल्ला गेला, कर गेला, आणि त्याबरोबर रस्त्यावरची तिची जागाही गेली. ती जागा परत द्यावी. नाशिकरोडपर्यंत, सातपूर-अंबडपर्यंत सायकलस्वाराला निर्धास्त जाता येईल एवढी पट्टी आखावी, आणि तीवर मोटारी उभ्या करू देऊ नयेत. चौकातील दुरुस्तीवाल्याला अतिक्रमण म्हणून हुसकण्यापूर्वी तो शहराचा कोण लागतो याचा विचार करावा. आणि घराच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली एखादी काळी जुनी हर्क्युलिस असेल, तर ती भंगारात घालण्यापूर्वी तिच्या चाकात हवा भरून पाहावी. बहुधा ती चालेल.